स्वस्त घड्याळ आणि माझी प्रभावना



मागच्या आठवड्यात धाकट्या नणंदेचा फोन आला. "भाभी, नातू दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालाय. त्याला घड्याळ द्यायचंय. मोबाइलवर साडेतीनशेचंही दिसतंय आणि पंधरा हजारांचंही. दोन्ही सेलवरचीच. मग फरक कशाचा? मी किती रुपयांचं घेऊ?"

मी सांगायला लागले ती अर्धा तास सांगतच राहिले. शेवटी ती हसून म्हणाली, "एवढं सगळं लिहूनच टाका की." म्हणून आज स्वयंपाकाचा विषय बाजूला ठेवून घड्याळावर लिहितेय. पण घड्याळांबद्दल मला हे जे थोडंफार कळतं, ते माझ्याच एका चुकीतून आलंय. ती चूक लपवून नुसता उपदेश केला तर तो खोटा ठरेल. म्हणून आधी ती सांगते.

सात वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या जाऊबाईंचं वर्षीतप पूर्ण झालं. अक्षय तृतीयेला पारणं. घरात आनंद होताच, पण प्रभावना काय द्यायची यावर चर्चा सुरू झाली. स्टीलचे डबे सगळेच देतात, नारळ-साखरही नेहमीचंच. मी म्हटलं, बायकांना घड्याळं देऊ या. सामायिकाची, पच्चक्खाणाची वेळ पाहायला उपयोगी पडतील, आणि दिसतंही छान. मुंबईच्या घाऊक बाजारातून एकशे आठ घड्याळं मागवली. एक नग ११० रुपये, एकूण ११,८८० रुपये. सोनेरी साखळी, तबकडीवर चमकते खडे. आमचे हे एवढंच म्हणाले, "एकशे दहा रुपयांत घड्याळ, डबी, पिशवी, दुकानदाराचा नफा, सगळं बसतं? मग आतल्या मशीनला काय उरतं?" मी बी.कॉम. झालेली बाई. खरं तर हा प्रश्न मी विचारायला हवा होता. पण वाटताना बायका खूश झाल्या, चार जणींनी नाव काढलं, आणि मी तो प्रश्न विसरून गेले.

आमच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. तेव्हा त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. चौविहार त्यांनी वर्षानुवर्षं चुकवलेला नाही. माझं घड्याळ त्यांनी मोठ्या कौतुकानं हातात घातलं होतं. पर्युषणात स्थानकात भेटल्या तेव्हा हात मोकळा दिसला. सहज विचारलं, तर आधी टाळाटाळ केली. मग म्हणाल्या, "रागावू नको हं." चातुर्मासातली ढगाळ संध्याकाळ. आपल्या नाशिकच्या श्रावणात सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, उजेडावरून वेळ कळत नाही. घड्याळात साडेसहा-पावणेसात झालेले पाहून त्यांनी गोळी घेतली, पेलाभर पाणी प्यायल्या. तेवढ्यात शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज आला. सातच्या बातम्या सुरू होऊन गेल्या होत्या. सूर्यास्त टळला होता. घड्याळ थांबत थांबत चालत होतं आणि त्यांना ते कळलंच नव्हतं.

आजींनी महासतीजींकडे आलोचना केली आणि एक उपवास वाढवून केला. मला मात्र एक शब्द बोलल्या नव्हत्या. "घड्याळाचा काय दोष गं, मीच कुणाला तरी विचारायला हवं होतं," असं वर मलाच समजावत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं माझ्या ११० रुपयांच्या हौसेसाठी उपवास केला. मैत्रिणींनो, त्या रात्री मला प्रतिक्रमणात दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी लाज सोडून घरोघरी विचारलं. बहुतेकींच्या ड्रॉवरमध्ये ती घड्याळं बंद पडलेली होती. माझं मन मोडू नये म्हणून कुणी बोललं नव्हतं. त्यातली नऊ पिशवीत घालून मी मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी एकेकाचं झाकण उघडलं आणि मला जे दाखवलं, ते आता तुम्हाला सांगते.

आत नेमकं काय असतं

आपण ज्याला सेलचं घड्याळ म्हणतो ते क्वार्ट्‌झ घड्याळ. क्वार्ट्‌झ म्हणजे स्फटिक. या घड्याळात स्फटिकाचा एक अगदी बारीक चिमट्यासारखा तुकडा असतो. सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या उगाच निवडलेली नाही. तिला पंधरा वेळा निम्मं करत जा, बरोबर १ उरतो. आतलं छोटं सर्किट हेच निम्मं करण्याचं काम करतं आणि दर सेकंदाला एक ठोका काढतं. त्या ठोक्यावर इवलीशी मोटर काटा एक घर पुढे सरकवते. एवढंच.

असं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सैको कंपनीनं २५ डिसेंबर १९६९ रोजी बाजारात आणलं. त्याची किंमत होती साडेचार लाख येन. तेवढ्यात तिथे त्या वेळी एक छोटी मोटार येत होती. आज तीच युक्ती काही शे रुपयांच्या घड्याळात बसते. म्हणून "स्वस्त आहे म्हणजे वेळ चुकीची दाखवणार" हा समज पहिल्यांदा मनातून काढून टाका. साधं, बऱ्या बनावटीचं क्वार्ट्‌झ मशीन महिन्याला पंधरा-वीस सेकंद पुढे-मागे जातं. जपानच्या सिटिझन कंपनीचं मियोता २०३५ नावाचं मशीन कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत असतं. त्याचीही हमी एवढीच, महिन्याला वीस सेकंदांच्या आतबाहेर.

आता याच्या शेजारी माझ्या वडिलांनी दिलेलं घड्याळ ठेवा. मी बी. वाय. के. कॉलेजातून बी.कॉम. झाले तेव्हा त्यांनी मला चावीचं एचएमटी घेऊन दिलं. एचएमटीनं सिटिझनच्याच मदतीनं १९६१ साली बेंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि आपल्या पिढीच्या लग्नांत, निकालांत, निवृत्तीत तीच घड्याळं दिली गेली. रोज सकाळी चावी द्यायची आणि आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या टिकटिकीवर काटे जुळवायचे, कारण दिवसाला मिनिट-दीड मिनिट इकडेतिकडे व्हायचंच. तेव्हा ते घड्याळ घरातली मौल्यवान वस्तू होती. आजचं हजाराचं क्वार्ट्‌झ वेळेच्या बाबतीत त्याला सहज मागे टाकतं. पुढे १९८४ मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकारच्या उद्योग महामंडळानं मिळून टायटन कंपनी काढली, तिनं भर दिला तो क्वार्ट्‌झवर, आणि आपल्या घराघरातली चावी देण्याची सवय गेली. सरकारनं एचएमटीची घड्याळं बनवणारी कंपनी बंद करायचा निर्णय घेतला तो २०१६ मध्ये. त्या दिवशी मी कपाटातून ते घड्याळ काढून चावी दिली होती. अजून चालतं.

वेळ अचूक मिळावी म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही, हे माझं पहिलं म्हणणं. आपल्याला लागते तेवढी अचूकता स्वस्तातही मिळते. आपल्या व्रतांचा विचार केला तर वीस सेकंदांपेक्षा मोठी चूक आपण वेगळ्याच ठिकाणी करतो. नाशिकचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या साधारण ३५ मिनिटं मागे चालतो, आणि नागपूरला सूर्यास्त आपल्यापेक्षा जवळजवळ वीस मिनिटं आधी होतो. माहेर विदर्भात असलेल्या किती जणी तिकडून आलेलं वेळापत्रक इथे भिंतीला लावतात, मी पाहिलंय. चौविहाराला त्यानं अडचण येत नाही, वेळ लवकर संपते इतकंच. पण नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. तिथे नागपूरचा तक्ता पाहिलात तर नाशिकला वीस मिनिटं आधीच पाराल. हातात पन्नास हजारांचं घड्याळ असलं तरी ही चूक ते सुधारणार नाही. तक्ता आपल्या गावाचाच हवा.

मग पैसे कशाचे मोजायचे

काकांनी ती नऊ घड्याळं उघडली तेव्हा स्फटिक सगळ्यांत होता. मार खाल्ला होता तो बाकीच्या गोष्टींनी. आतला सेल सर्वांत हलका, कुणास ठाऊक किती महिने गोदामात पडलेला. दोन घड्याळांत तो फुटून हिरवट-पांढरं काहीतरी मशीनवर सांडलं होतं. झाकणाखाली पाणी अडवणारी रबराची रिंगच नव्हती. मशीन प्लॅस्टिकचं, दुरुस्त करायला उघडलं की तुटणारं. तेव्हापासून मी घड्याळ घेताना या गोष्टी पाहते.

आधी घड्याळ उलटं करून मागचं झाकण वाचा. इंग्रजीत "स्टेनलेस स्टील बॅक" लिहिलेलं असतं आणि आपण समजतो घड्याळ स्टीलचं. त्याचा अर्थ फक्त मागचं झाकण स्टीलचं. बाकी बॉडी साध्या मिश्रधातूची, वरून मुलामा. आपल्या घामानं, भांड्यांच्या साबणानं तो मुलामा कडेनं उडतो, आणि काहींच्या मनगटाला खाज सुटते, पुरळ येतं. सगळं स्टील असेल तर "ऑल स्टेनलेस स्टील" असं लिहिलेलं असतं. थोडे पैसे जास्त गेले तरी रोज वापरणारीनं हेच घ्यावं. सोनेरी रंगाच्या मोहात पडू नका. स्वस्तातला सोनेरी मुलामा सहसा दुसरी दिवाळी पाहत नाही.

मग पाण्याचं. "वॉटर रेझिस्टंट ३० मीटर" वाचून कुणी ते घालून गोदावरीत उतरू नये. ते मीटर प्रयोगशाळेतल्या दाबाचे असतात. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना, पावसात चार थेंब उडाले तर चालेल एवढंच. कपडे धुणं, भांडी, आंघोळ यासाठी काढूनच ठेवा. ५० मीटर असेल तर जरा निर्धास्त राहता येतं. काहीच आकडा नसेल तर पाण्यापासून लांब ठेवा. आणि सेल बदलताना झाकण उघडलं की ती रबराची रिंग नीट बसली का, हे दुकानदाराला विचारा. पुष्कळदा चांगलं घड्याळ पहिल्या सेलनंतरच पाणी धरतं, ते याच कारणानं.

काच तीन प्रकारची असते. प्लॅस्टिकची लवकर ओरखडते, पण पॉलिश करून घेता येते आणि पडली तर तडकत नाही. मिनरल काच बऱ्यापैकी टिकते, हजार-दोन हजारांच्या घड्याळात तीच योग्य. सफायर काचेला सहज ओरखडा पडत नाही, पण ती महाग. पाचशेच्या घड्याळावर कुणी सफायर म्हणून सांगत असेल तर हसून पुढच्या दुकानात जा.

चौथी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, ती म्हणजे पट्टा. मध्यम किमतीच्या कितीतरी घड्याळांचा पट्टा चामड्याचा असतो, आणि "जेन्युइन लेदर" हे मोठ्या अभिमानानं लिहिलेलं असतं. अभिमान त्यांना, दोष आपल्याला. भेट म्हणून आलेलं घड्याळ आपण न पाहता मनगटाला बांधतो आणि तसंच स्थानकात जातो. पट्ट्याची आतली बाजू वाचा, नसेल लिहिलं तर विचारा. धातूची साखळी, कापडी, सिलिकॉन किंवा रेझिनचा पट्टा घ्या. घड्याळ आवडलं आणि पट्टा चामड्याचा असेल, तर दुकानदाराकडून तो बदलूनच घ्या, "नंतर बदलू" म्हणू नका. त्यासाठी पट्ट्याची रुंदी ठरावीक मापाची हवी, १२, १४, १६, १८ किंवा २० मिलिमीटर. काही फॅन्सी घड्याळांत पट्टा बॉडीतच घडवलेला असतो. तो तुटला की तसला दुसरा मिळत नाही आणि चालू घड्याळ टाकून द्यावं लागतं. अशी घड्याळं कितीही सुंदर दिसली तरी मी घेत नाही.

पाचवी गोष्ट सेल. बहुतेक लेडीज आणि साध्या घड्याळांत सिल्व्हर ऑक्साइडचा बारीक सेल लागतो, १.५५ व्होल्टचा. त्याच मापाचा अल्कलाइन सेल स्वस्त मिळतो, पण त्याचा दाब हळूहळू उतरतो आणि तो गळण्याची भीती जास्त. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून सेल बदलताना सांगा, सिल्व्हर ऑक्साइडचाच घाला. चाळीस-पन्नास रुपयांचा फरक पडेल, तो द्यावा. काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दर सेकंदाला एक घर न जाता दोन सेकंदांनी एकदम दोन घरं उडी मारतो. तो बिघाड नव्हे, निरोप आहे. आणि बंद पडलेल्या घड्याळात मेलेला सेल तसाच ठेवू नका, गळून मशीन खातो. काढलेला सेल घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात टाकू नका, घड्याळवाल्याकडेच द्या. घरात रांगतं बाळ असेल तर तो क्षणभरही टेबलावर ठेवू नका. गिळला तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

शेवटची गोष्ट छापील किंमत. खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि सर्व करांसहित किंमत छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. माझ्या त्या एकशे आठ खोक्यांवर यातलं काहीच नव्हतं. छापील किंमत ४,९९९ आणि विक्री ३९९ असेल, तर आपले ४,६०० वाचले असं समजू नका. जी वस्तू कुणी कधी ४,९९९ ला विकलीच नाही, तिच्यावर सूट कसली? तसंच तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरात "जपान मूव्हमेंट" लिहिलेलं असतं, ते फक्त मशीनपुरतं बोलतं, आणि छापायला शाई तेवढी लागते. काकांनी मला एका फॅशन कंपनीचं सहा हजारांचं घड्याळ उघडून दाखवलं होतं. आत जे मशीन होतं तेच शेजारच्या नऊशेच्या घड्याळात होतं. बाकीचे पाच हजार नावाचे आणि दिसण्याचे. ज्यांना ते द्यायचेत त्यांनी द्यावेत, पण त्याला गुणवत्ता म्हणू नये.

बी.कॉम.चा हिशेब

कॉलेजात घसारा शिकवला होता, तो संसारात इतका कामाला येईल असं वाटलं नव्हतं. दहा वर्षांचा हिशेब मांडते, भाव साधारण धरलेत.

पहिलं घड्याळ २५० रुपयांचं. वर्षभर चालेल असं उदारपणे धरू. दहा वर्षांत दहा घड्याळं, २,५०० रुपये, आणि कचऱ्यात दहा मेलेली यंत्रं.

दुसरं १,४०० रुपयांचं, सगळं स्टील, ठरावीक मापाचा पट्टा. दहा वर्षांत तीन सेल, शंभराप्रमाणे ३००. तीन पट्टे, दोनशेप्रमाणे ६००. एकूण २,३००. एकच घड्याळ.

तिसरं ९,००० रुपयांचं. सेल-पट्टे तेवढेच धरले तर ९,९००.

पहिल्याचा खर्च रोजचा ६८ पैसे, दुसऱ्याचा ६३ पैसे, तिसऱ्याचा २ रुपये ७१ पैसे. वेळ तिघेही तीच दाखवणार, फक्त पहिलं मधूनमधून दगा देणार. माझं उत्तर मधल्या घड्याळाला. नणंदेलाही तेच सांगितलं: हजार ते दोन हजारांत, आपल्या गावात ज्याचा सेल-पट्टा बदलून मिळतो असं, ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊन. टायटनच्याच घरातलं सोनाटा पाहा. मुलाला आकड्यांचं आवडत असेल तर कॅसिओचं १९८९ पासून चालत आलेलं एफ-९१डब्ल्यू पाहा. रेझिनचा पट्टा, चामड्याचा प्रश्नच नाही, आणि कंपनी एका सेलवर सात वर्षं सांगते.

अपरिग्रह म्हणजे स्वस्ताई नव्हे

आता जरा मनातलं बोलते. आपल्यात दोन टोकं दिसतात. एकीकडे लग्नाच्या मांडवात मनगट पुढे करून घड्याळाचं नाव दाखवणारे. त्यांच्याबद्दल मी वेगळं काय सांगू, व्याख्यानात आपण ऐकतोच. दुसरं टोक मात्र कुणी बोलत नाही, कारण ते गुणासारखं दिसतं. "आम्ही बाई साधे, आम्हाला स्वस्तातलं चालतं," असं म्हणत पाच स्वस्त घड्याळं, सात स्वस्त पर्स, दहा स्वस्त चपला. कपाट भरतं, वस्तू मरतात, पुन्हा नव्या येतात. हाही परिग्रहच. माझ्या समजुतीप्रमाणे अपरिग्रह वस्तूंची संख्या आणि आपली आसक्ती पाहतो, पावतीवरचा आकडा पाहत नाही. आणि जयणा, जी आपण पाणी गाळताना, भाजी निवडताना पाळतो, ती वस्तू विकत घेतानाही पाळायला हवी. जे सहा महिन्यांत कचरा होणार हे आपल्याला घेतानाच कळतंय, ते घेणं जयणेत बसत नाही.

कुणी म्हणेल, सामायिकात तर आपण सेलचं घड्याळ हातात ठेवतच नाही, मग एवढी चर्चा कशाला? बरोबर आहे. तेजसकायाचा विचार करून माझंही घड्याळ त्या ४८ मिनिटांत बाजूला असतं आणि समोर वाळूचं घड्याळ असतं. सासूबाईंनी दिलेलं ते लाकडी चौकटीचं आहे, त्याला ना सेल ना चावी. पण उरलेल्या दिवसात गोळ्यांची वेळ, नातवंडांची शाळेची बस, पाहुण्यांची गाडी आणि संध्याकाळचा चौविहार याच हातातल्या घड्याळावर चालतो. गृहस्थाश्रमात वस्तू लागतात. त्या थोड्या असाव्यात, आणि आपल्याला ज्या कामासाठी हव्यात त्या कामाच्या असाव्यात.

प्रभावनेबद्दल मात्र माझं मत आता पक्कं झालंय. देणारीच्या नावाला शोभेल यापेक्षा घेणारीच्या कामाला येईल ते द्यावं, आणि ज्यावर कुणाचं व्रत अवलंबून राहू शकतं अशी वस्तू हलकी कधीच देऊ नये. ११० रुपयांत घड्याळ देण्यापेक्षा ११० रुपयांची सुती मुंहपत्ती आणि एक चांगली पुंजणी द्या. बजेट लहान असणं ही लाज नाही. स्वतःच्या घरात रोज वापरायला जी वस्तू मी घेणार नाही, ती दुसरीला धर्माच्या नावानं देणं ही लाज आहे, आणि ती मी केलेली आहे.

गेल्या वर्षी आमच्या घरी पुन्हा पारण्याचा प्रसंग आला, सूनबाईंच्या अठ्ठाईचा. या वेळी मी बायकांना निरोप पाठवला, घरातली बंद पडलेली घड्याळं घेऊन या, सेल माझ्याकडून. काकांना दुपारभर आमच्या ओटीवर बसवलं. खूप घड्याळं आली. कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या दिवंगत यजमानांचं, कुणाचं मुलानं पहिल्या पगारातून घेतलेलं. निम्म्याहून जास्त नुसत्या सेलवर सुरू झाली. काहींचे पट्टे बदलले, त्यात चामड्याचे होते ते आधी काढले. जी होणार नव्हती ती काकांनी सुट्ट्या भागांसाठी ठेवून घेतली. खर्च त्या एकशे आठ घड्याळांपेक्षा कमी आला.

आजींना मी नवं घड्याळ घेऊन दिलं होतं त्याला आता सात वर्षं होतील. मोठे आकडे, साधी पांढरी तबकडी, स्टीलची साखळी. दर दोन वर्षांनी दिवाळीआधी मी स्वतः जाऊन त्याचा सेल बदलून आणते, संपायची वाट पाहत नाही. त्या पंच्याऐंशीच्या झाल्यात. चौविहार अजून चालू आहे. तरीही संध्याकाळी खिडकीतून मला हाक मारून विचारतात, "किती वाजले गं?" आधी मला वाटायचं, माझ्या घड्याळावर त्यांचा अजून विश्वास नाही. आता कळतं, त्यांना बोलायला कुणीतरी हवं असतं. मी हातातलं काम सोडून जाते आणि त्यांचंच घड्याळ पाहून वेळ सांगते.

तर मैत्रिणींनो, आज ड्रॉवर उघडून पाहा. नवं घड्याळ घेण्याआधी जुन्याला एक सेल घालून पाहा. माझ्या लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मनापासून मिच्छामि दुक्कडम्.